पलटणीपलीकडचा डोगरा



आमच्या गावाकडे घरटी एक माणूस पलटणीत असे. सुटीवर आलेला शिपाई पारावर बसला की आम्ही पोरे त्याच्याभोवती कोंडाळे करीत असू. गुरखा, गढवाली, कुमाऊँ, डोगरा ही नावे प्रथम कानावर पडली ती तिथे. "डोगरा म्हणजे काय हो, तात्या?" असे एकदा आम्ही पेन्शनीवर आलेल्या एका सुभेदारांना विचारले. ते म्हणाले, "डोगरा म्हणजे डोंगरातला गडी. बोलणं थोडं, चालणं फार." पुष्कळ वर्षे माझेही ज्ञान एवढ्यावरच थांबले होते. पुढे इतिहास शिकवू लागलो, तेव्हा त्यात दोन-चार राजांच्या नावांची आणि एका तहाच्या तारखेची भर पडली, इतकेच.

मागे एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पलटण आणि राजे वजा केले तर या लोकांजवळ उरतं काय?" प्रश्न जरा आगाऊपणाचा वाटला, पण घरी आल्यावर तो माझी पाठ सोडीना. आज त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम मुलूख डोळ्यांपुढे आणू या. गुरुजींनी वर्गात भारताचा नकाशा टांगला असेल तर पंजाबच्या उत्तरेला बोट ठेवावे. सपाट मैदान संपते आणि हिमालयाची पहिली, बुटकी रांग सुरू होते, तिला शिवालिक म्हणतात. या रांगेच्या कुशीत, रावी आणि चिनाब या नद्यांच्या अधल्यामधल्या टापूत, डोगरा लोकांचे मुख्य घर आहे. जम्मू हे त्याचे मोठे शहर. पूर्वेला हिमाचलातल्या कांगडा-चंब्यापर्यंत आणि दक्षिणेला पठाणकोटच्या बाजूपर्यंत याच धाटणीची बोली आणि चालीरीती पसरलेल्या आहेत. या सगळ्या प्रदेशाला तिथली माणसे मायेने 'डुग्गर' म्हणतात, आणि डुग्गरमध्ये राहतो तो डोगरा.

डुग्गर हे नाव कसे पडले? कोणी म्हणतात, मानसर आणि सरुईंसर या दोन तळ्यांमुळे 'द्विगर्त', त्याचे झाले डुग्गर. चंब्याच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटांत 'दुर्गर' असा शब्द आढळतो, त्याचे हे रूप असावे असे दुसरे म्हणतात. मला दुसरे मत अधिक पटते, कारण त्याला तांब्याचा आधार आहे. आमच्या सुभेदारांची 'डोंगर' ही व्युत्पत्ती पंडितांना मान्य होणार नाही. पण माणसांचे वर्णन म्हणून ती काही वाईट नव्हती.

जम्मू शहराची कथा अशी सांगतात. राजा जांबुलोचन शिकारीला गेला असता त्याला तवी नदीच्या काठी वाघ आणि शेळी शेजारी-शेजारी पाणी पिताना दिसली. जिथे असे वैर सुटते तिथे नगर वसवावे, असे त्याने ठरविले. आपणही चांगल्या राज्याचे वर्णन करताना वाघ-शेळीला एका घाटावर पाणी पाजतोच की! ही दंतकथा आहे, तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण माणसे या मुलखात फार जुन्या काळापासून राहत आली आहेत, याला पुरावा आहे. चिनाबच्या काठी अखनूरजवळ मांडा येथे उत्खनन झाले, तेव्हा हडप्पा संस्कृतीच्या लोकांची वस्ती सापडली. त्याच अखनूर परिसरात अंबारान येथे बौद्ध स्तूप निघाला, आणि भाजलेल्या मातीची इतकी सुंदर मुखे मिळाली की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. उधमपूरच्या बाजूला क्रिमची आणि बबोर येथे हजारएक वर्षांपूर्वीची दगडी देवळे आहेत.

आता पाण्याविषयी बोलतो, कारण डोगरा माणूस समजायचा तर आधी त्याचे पाणी समजले पाहिजे.

शिवालिकच्या पायथ्याची जी पट्टी आहे तिला 'कंडी' म्हणतात. जमीन गोट्यांची आणि वाळूची. पावसाळ्यात ओढे-नाले दणाणून वाहतात आणि पाऊस सरला की चार दिवसांत वाळू उघडी पडते. विहिरीला पाणी फार खोल. मका आणि बाजरी पिकली तर पिकली. आपल्या माण-खटावच्या किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याला याचा फोड करून सांगायला नको. अशा ठिकाणी जुन्या लोकांनी गावोगाव तलाव खणले, काठी वड-पिंपळ लावले. डोंगरात जिथे झरा दिसला तिथे दगडाची बावली बांधली. आपल्याकडे बारव असते तशीच, पण आकाराने लहान. तिच्या भिंतींना देव, वेली, घोडेस्वार कोरले. बायकांनी कोसकोसभर डोक्यावरून पाणी वाहिले, आणि ते दुःख गाण्यांत उतरले.

कांगड्यात 'कूहल' म्हणजे डोंगरातून काढलेला पाण्याचा पाट. त्या बाजूला एक गाणे प्रसिद्ध आहे, रुल्हां गावच्या कूहलीचे. पाट खणला, पण पाणी वाहीना. स्वप्नात दृष्टांत झाला की घरातले माणूस बळी दे. घरधन्याने सुनेला निवडले आणि तिला पाटाच्या बांधात जिवंत चिणले. मग पाणी खळाळले. चंबा शहरातही अशीच कथा आहे. तिथे खुद्द राणीनेच पाण्यासाठी प्राण दिले, आणि तिच्या नावाने वसंतात 'सूही'ची जत्रा भरते. त्या जत्रेचा मान बायकांचा आणि मुलांचा. ऐकता ऐकता तुमच्या घरातल्या आजीला श्रावणातली शिळासप्तमीची कहाणी आठवली असेल. तिथेही राजाच्या तळ्याला पाणी लागत नाही आणि सुनेचे मूल मागितले जाते. फरक इतकाच की आपल्या कहाणीतले मूल परत मिळते. कांगड्याच्या गाण्यातली सून मात्र परत येत नाही. सासर आणि माहेर, पाणी आणि बळी यांची ही सांगड दोन इतक्या दूरच्या मुलखांत कशी जुळली, याचा विचार करीत मी अनेकदा बसलो आहे.

डुग्गरमध्ये अशी गाणी गाण्याचा वसा जोगी आणि गारडी यांच्याकडे चालत आला. त्यांच्या गाण्याच्या दोन मोठ्या जाती. शूरांची गाथा म्हणजे 'बार', आपल्या पोवाड्याची बहीण समजा. संत, सती आणि अन्यायाने मेलेली माणसे यांची गाथा म्हणजे 'कारक'. ती देवस्थानी, रात्र-रात्र, गोंधळासारख्या भक्तिभावाने गातात. या कारकांतील सर्वांत मोठी कारक राजाची नाही, सेनापतीचीही नाही. ती आहे एका कुळाची. तीच सांगण्यासाठी मी आज इथवर आलो.

पंधराव्या शतकातली गोष्ट. आज जिथून वैष्णोदेवीची चढण सुरू होते त्या कटरा गावाजवळ अघार नावाचे खेडे आहे. तिथे जितमल नावाचा ब्राह्मण शेतकरी राहत होता. लोक त्याला पुढे बावा जित्तो म्हणू लागले. देवीचा भक्त, आणि नांगर स्वतः धरणारा. बायको लवकर गेली. पदरी एक लहान मुलगी. तिला सगळे बुआ कौडी म्हणतात. जोजां नावाच्या नात्यातल्या बाईने आणि तिच्या मुलांनी जमिनीसाठी त्याचा छळ मांडला. भाऊबंदकी, दुसरे काय! ती कुठल्या मुलखात नाही? शेवटी जित्तोने मुलीचा हात धरला, घर सोडले आणि तो डोंगर उतरून जम्मूजवळच्या शामाचक भागात आला.

तिथला जमीनदार मेहता बीरसिंग. जित्तोने त्याच्याकडे कसायला जमीन मागितली. मेहत्याने दिली ती झाडझाडोऱ्याने भरलेली पडीक जमीन. बोली झाली की पीक येईल त्याचा चौथा हिस्सा मालकाला. ही पडीक जमीन काय पिकवणार, असाच मालकाचा हिशेब असावा. जित्तो राबला. झाडोरा तोडला, मुळे उपटली, ढेकळे फोडली, गहू पेरला. आणि त्या वर्षी गहू असा आला की बघणाऱ्यांचे डोळे फिरले.

मळणी झाली, खळ्यात रास पडली. श्रोतेहो, रास म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. वर्षाचा घाम तिथे एका जागी दिसत असतो. रास मोजायच्या आधी आपण तिची पूजा करतो, पायातले काढल्याशिवाय खळ्यात पाऊल टाकीत नाही. त्या राशीपाशी मेहता आपली माणसे घेऊन आला, आणि त्याची बोली फिरली. चौथ्या हिश्शावर तो राजी होईना. जित्तोने ठरलेल्या शब्दाची आठवण दिली, विनवले. मेहत्याची माणसे गहू भरायला लागली. तेव्हा जित्तो त्या राशीवर चढून बसला, त्याने देवीचे नाव घेतले, आणि कट्यार आपल्याच छातीत खुपसली. गहू रक्ताने भिजला.

मुलगी बापाला शोधीत आली. तिने चिता रचली आणि बापाच्या देहाबरोबर तीही त्या आगीत गेली.

त्यानंतर वादळ उठले, पाऊस कोसळला आणि तो रक्ताळलेला गहू दूरदूर वाहत गेला, असे कारक गाणारे सांगतात. ज्यांनी ज्यांनी तो गहू खाल्ला, त्यांच्या घराण्यांना शांती लाभेना. तेव्हा त्यांनी जित्तोला कुलदैवत मानले. जम्मूपासून काही कोसांवर झिडी नावाचे गाव आहे. तिथे दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला बावा जित्तोची मोठी जत्रा भरते आणि कित्येक दिवस चालते. आपण त्रिपुरी पौर्णिमा म्हणून देवळाच्या दीपमाळा उजळतो तोच हा दिवस. पंजाब, हिमाचल, हरयाणातून लाखो शेतकरी लोटतात. त्यांतली कित्येक घराणी नवस फेडायला येत नाहीत. ती क्षमा मागायला येतात. आमच्या वाडवडिलांनी तुझा गहू खाल्ला, तो पोटात घाल, असे म्हणायला येतात.

मी इतिहासाचा माणूस. ही कथा कागदपत्रांनी सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. वाहून गेलेल्या गव्हाने घराणी पछाडली हे मी वर्गात शिकवणार नाही. पण इतकी माणसे इतक्या पिढ्या एका कुळाच्या हिश्शासाठी माफी मागत आली आहेत, ही गोष्ट मात्र घडलेली आहे. ती दर कार्तिकात घडते. राजवाड्याच्या भिंतीवर जे लिहिले गेले नाही ते एका समाजाने गाण्यात जपून ठेवले. वर्गातल्या त्या मुलाला मी हेच सांगायला हवे होते.

आता थोडे राजांविषयी, नाहीतर सुभेदार रागावतील.

अठराव्या शतकात जम्मूला रणजितदेव नावाचा राजा होऊन गेला. पंजाबात तेव्हा स्वाऱ्या आणि लुटालूट चालू होती. व्यापारी, कारागीर, सरदार यांनी जम्मूचा आसरा घेतला आणि शहर भरभराटले. पुढे लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांनी जम्मू घेतले. तेव्हा मियां डीडो नावाचा एक डोगरा रजपूत डोंगरात शिरून लाहोरच्या फौजेशी झुंजत राहिला. १८२१ साली तो मारला गेला. त्याला संपविण्यात जम्मूच्याच गुलाबसिंगाचा हात होता, आणि दुसऱ्याच वर्षी, १८२२ मध्ये, अखनूरला चिनाबच्या काठी रणजितसिंगांनी स्वहस्ते गुलाबसिंगाला जम्मूच्या राज्याचा टिळा लावला. गंमत अशी की राज्य मिळाले गुलाबसिंगाला आणि बार गायिली गेली डीडोची.

गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग. त्याने १८३४ पासून लडाख घेतला, १८४० मध्ये बाल्टिस्तान घेतला, आणि १८४१ मध्ये तो थेट तिबेटात मानसरोवरापर्यंत गेला. डिसेंबरात, बर्फात, तकलाकोटजवळ तो लढता लढता पडला. थंडी एवढी की हात शेकायला शिपायांनी आपल्या बंदुकांचे दस्ते जाळले, अशी नोंद आहे. लडाख भारताच्या नकाशात आहे तो या माणसाच्या पायपिटीमुळे, हे मान्य करावेच लागेल.

मग आला १६ मार्च १८४६ चा अमृतसरचा तह. शिखांचा पराभव करून इंग्रजांनी काश्मीर मिळवले होते. ते त्यांनी पंचाहत्तर लाख नानकशाही रुपयांना गुलाबसिंगाच्या हवाली केले. वर दरसाल खंडणी ठरली ती अशी: एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या-बोकडे आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. त्या तहात काश्मीरच्या शेतकऱ्याला कोणी काही विचारले नाही. पुढच्या शंभर वर्षांत काश्मिरात वेठबिगार आणि करांचे ओझे इतके झाले की तिथल्या माणसाच्या मनात 'डोगरा राज' या शब्दाची आठवण कडूच राहिली. ज्या समाजाने जित्तोची कारक गायिली, त्याच समाजाच्या राजांनी दुसऱ्याच्या राशीवर हात ठेवावा! इतिहास शिकवताना असल्या जागी मी नेहमी अडखळतो. पण ती जागा गाळून पुढे जाणे बरे नव्हे. १९५० साली जम्मू-काश्मिरात मोठ्या जमीनदाऱ्या रद्द करणारा कायदा झाला आणि पावणेतेवीस एकरांवरची जमीन, मालकाला मोबदला न देता, कसणाऱ्याकडे गेली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, त्यांना या कायद्याचे महत्त्व लगेच कळेल.

या राजांपैकी मला स्वतःला जवळचा वाटतो तो गुलाबसिंगाचा मुलगा रणबीरसिंग. याने १८५७ ते १८८५ राज्य केले. जम्मूचे रघुनाथ मंदिर त्याने पुरे केले आणि तिथे संस्कृत हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमविला. डोगरी लिहिण्याची जुनी लिपी टाकरी घराण्यातली, व्यापाऱ्यांच्या वहीखात्यात वाढलेली. भराभर लिहायला सोयीची, वाचायला मात्र कठीण. 'काका आजमेर गये'चे 'काका आज मर गये' व्हावे, असले विनोद आपण मोडीविषयी ऐकतो ना, तशीच तऱ्हा! रणबीरसिंगाने ती लिपी सुधारून घेतली, दरबारात चालविली, टपालाच्या तिकिटांवरही छापली. आणि १८७३ साली जम्मूच्या विद्याविलास छापखान्यातून त्या लिपीत एक पुस्तक निघाले. ते पुस्तक होते भास्कराचार्यांची 'लीलावती', डोगरी भाषेत!

हे प्रथम वाचले तेव्हा मी चकित झालो. ज्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि ज्याचा शिलालेख आजही तिथे आहे, त्यांचे गणित सहाशे-सातशे वर्षांनी तवीच्या काठची मुले आपल्या मायबोलीत वाचू शकत होती. पुढे ती लिपी मागे पडली. डोगरी आता देवनागरीत लिहितात. मोडीचेही तेच झाले. जुन्या मोडी कागदांचे बस्ते उलगडणारा माणूस आज तालुक्याला एखादा मिळतो, तसाच तिकडे जुने डोगरे अक्षर लावणारा विरळा.

चित्रांची गोष्ट आता राहू नये. रावीच्या काठी बसोहली नावाचे छोटेसे संस्थान होते. राजा किरपालपालाच्या वेळी, १६९४-९५ च्या सुमारास, देवीदास नावाच्या चितारीने 'रसमंजरी' या संस्कृत काव्यग्रंथावर चित्रे काढली. पिवळाधमक, तांबडालाल असा धीट रंग, कमळाच्या पाकळीएवढे मोठे डोळे, आणि दागिन्यांत पाचू दाखवायला काय केले म्हणाल? हिरव्या चमकत्या भुंग्याच्या पंखांच्या कवचाचे बारीक तुकडे चिकटविले! कागद हलला की पाचू खरा चमकतो. पुढे शेजारच्या गुलेरचा नैनसुख जसरोट्याच्या बलवंतसिंगाच्या पदरी आला. त्याने या छोट्या राजाला सिंहासनावर कमी आणि घरातच जास्त दाखविले: पत्र लिहिताना, दाढी करून घेताना, आजारपणात रजई लपेटून शेकोटीपाशी बसलेला. १७६३ साली बलवंतसिंग वारला, तेव्हा त्याच्या अस्थी घेऊन नैनसुख हरिद्वारला गेला आणि तिथल्या पंड्याच्या वहीत स्वतःच्या हाताने नोंद करून एक चित्र रेखाटून आला. आपण नाशिक-त्र्यंबकला गेलो की तीर्थोपाध्याय वही काढून आपल्या पणजोबांची सही दाखवतात, तशीच ही वही. ब्रजिंदरनाथ गोस्वामी या विद्वानांनी असल्याच वह्या चाळून या चितारी घराण्याची वंशावळ उभी केली, तोवर ही चित्रे कोणाची हे धड माहीत नव्हते. गुरुजनहो, इतिहासाचे साधन कुठे दडलेले असते पाहा! २०२३ साली बसोहलीच्या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली.

आता भाषा. डोगरी ही बोलण्याची, त्याहून ऐकण्याची भाषा. शब्दाचा अर्थ तिथे सुरावर फिरतो. 'घोडा' असे लिहितात, पण म्हणताना 'घ' निघून जातो. तोंडातून 'कोडा'सारखे काहीतरी येते आणि त्यावरचा खालचा सूर सांगतो की हा घोडा आहे. असे दुसऱ्या भाषेत सांगणे कठीण. ते कानानेच घ्यावे. अमीर खुसरोने १३१८ साली हिंदुस्थानातल्या भाषांची यादी दिली, तीत 'दुगर' आहे. इतके असूनही इंग्रजी अमदानीत ग्रिअर्सनसाहेबांनी भाषांची पाहणी केली, तेव्हा डोगरीला पंजाबीची बोली म्हणून दप्तरात बसविले. दप्तरात एकदा बसले की उठवणे कठीण! कोकणी ही भाषा की मराठीची बोली, यावर आपल्याकडे किती शाई आटली हे आठवा, म्हणजे डोगऱ्यांच्या मनाला काय वाटले असेल ते कळेल.

१९४४ साली जम्मूत काही तरुणांनी डोगरी संस्था स्थापन केली. त्यांत पुढे होते रामनाथ शास्त्री, पेशाने शिक्षक. शिकलेला डोगरा तेव्हा उर्दूत किंवा हिंदीत लिही आणि डोगरी फक्त आईशी बोले. या शास्त्रीजींनी १९४८ मध्ये नाटक लिहिले. विषय कोणता? बावा जित्तो. ते खेड्यात, शेतकऱ्यांपुढे झाले. जोगी ज्या गोष्टीला चार-पाचशे वर्षे सांभाळीत होते, ती एका मास्तरांनी रंगमंचावर आणली, आणि नव्या डोगरी वाङ्मयाचे पाऊल पडले. १९६९ मध्ये साहित्य अकादमीने डोगरीला स्वतंत्र भाषा मानले, २००३ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, आणि २०२० मध्ये जम्मू-काश्मीरच्या राजभाषांत तिची गणना झाली. एवढा रस्ता चालायला शहात्तर वर्षे लागली.

या रस्त्यावर रेडिओचाही हात लागला, हे रेडिओवरून सांगायला संकोच कशाला? जम्मूला केंद्र निघाले ते १९४७ साली. तिथे पद्मा सचदेव नावाची कवयित्री कामाला होती. तिचे वडील संस्कृतचे पंडित. फाळणीच्या दंगलीत ते मारले गेले. बायकांच्या ओव्यांचे वळण तिच्या कवितेत उतरले आणि १९७१ चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला. या पद्माबाईंचा आणि आपल्या लता मंगेशकरांचा मोठा स्नेह. लताबाईंनी डोगरी गीते गायिली आणि ती डोगऱ्यांच्या घराघरांत पोहोचली. पद्माबाई २०२१ मध्ये मुंबईत वारल्या.

फाळणीचा उल्लेख आला, तर एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. डोगरा म्हणजे केवळ हिंदू नव्हे. डोगरी बोलणारे मुसलमान पिढ्यानपिढ्या त्या मातीत होते. १९४७ च्या शरदात जम्मू भागात मुसलमानांची भयंकर कत्तल झाली, आणि मीरपूर-राजौरीकडे हिंदू-शिखांची तीच गत झाली. कित्येक डोगरी घरे सियालकोटकडे गेली, तिकडची इकडे आली. एकच बोली सीमेच्या दोन्ही अंगांना वाटली गेली. त्याच ऑक्टोबरात ब्रिगेडियर राजिंदरसिंग मूठभर शिपायांनिशी उरीकडे टोळीवाल्यांना रोखीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. शेवटचे महाराज हरिसिंग अखेरची वर्षे मुंबईत राहिले आणि १९६१ मध्ये तिथेच वारले. मुंबईने या मुलखाची आणखी दोन माणसे आपली केली: तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ, जम्मूकडच्या मुसलमान डोगरा घरातले, आणि संतूर घेऊन आलेले पंडित शिवकुमार शर्मा. एकमेकांच्या संगतीने ते वाजवीत, तेव्हा समोरच्या किती मराठी श्रोत्यांना ठाऊक असेल की हे दोघे एकाच गावकुसाकडचे?

डोंगरातल्या डोगऱ्यांचे स्वतःचे गाणे असते, त्याला 'भाख' म्हणतात. वाद्य नाही, ताल धरायला टाळीही नाही. चारसहा गडी जवळजवळ उभे राहतात, एक हात कानावर ठेवतात, आणि एकाने काढलेल्या सुराला दुसरा निराळा सूर जोडतो. एका वेळी दोन-तीन सूर डोंगरात फिरत राहतात. आपल्या संगीतात सर्वांनी एकच सूर धरावा अशी रीत. तेव्हा हे ऐकून आपला कान प्रथम दचकतो. सुभेदार म्हणत ते खरे, बोलणे थोडे.

आपल्या गावोगावची माणसे दरसाल वैष्णोदेवीला जातात. कटऱ्याला उतरतात, चढण चढतात, दर्शन घेतात, अक्रोड आणि राजमा बांधून परततात. तुमच्यापैकी कोणी यंदा जाणार असेल तर कटऱ्यात कोणालाही अघार जित्तोची वाट विचारा. गाव जवळच आहे. आणि जाणे कार्तिकात घडले तर एक दिवस जास्तीचा काढून झिडीला जा. रात्र पडली की जोगी कारक लावतात. भाषा कळणार नाही. पण राशीपाशी मालक येऊन उभा राहतो ती जागा आली, की भोवतालचे शेतकरी कसे गप्प होतात ते पाहा.